पलूसची शिराझ कुठं गेली? आपल्या शेजारच्या वाईनपट्ट्याबद्दल

घाटावरचा

परवा राजारामपुरीत एका मित्राच्या वाढदिवसाला जमलो होतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं इटलीची बाटली आणली होती. ओतता ओतता तो म्हणाला, "आपल्याकडं वाईन म्हणजे नाशिक. खाली तुमच्या भागात ऊस आणि गूळ, दुसरं काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात आमच्याच पोरांच्याही माना होत्या, आणि ते मला फार लागलं. तिथंच बोलायला हवं होतं, पण यजमानाचा दिवस होता म्हणून गप्प बसलो. म्हणून हा धागा.

कोल्हापूरहून पुण्याच्या गाडीत बसा. मिरज, सांगली, नांद्रे, भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी. तिथं उतरलं की पलूस हाकेच्या अंतरावर. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि राज्यात दोन ठिकाणी वाईन पार्क काढायचं ठरवलं. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, गोदावरी वाईन पार्क. दुसरं आपल्या पलूसला, कृष्णा वाईन पार्क. म्हणजे सरकारच्या कागदावर नाशिकच्या शेजारी सांगलीचं नाव होतं. आज पंचवीस वर्षांनी कोल्हापुरातल्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना हे नाव माहीत नसतं.

माझे थोरले मामा पलूसजवळ द्राक्षं करतात. २००६ साली त्यांनी दीड एकरावर शिराझ, म्हणजे लाल वाईनची द्राक्षजात, लावली. डॉगरिजचा खुंट, म्हणजे खालचं मुळाचं झाड, त्यावर शिराझचं कलम, एका वायनरीशी करार. गावातल्या जुन्या बागायतदारांना ते पटलं नव्हतं. "एवढासा मणी, वर बी, हे खाणार कोण?" असं म्हणायचे. मामांचं उत्तर ठरलेलं: "खायची नाहीत, प्यायची आहेत."

पहिली दोन वर्षं सुखात गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीत तिकडंच असायचो. शिराझचा घड मी पहिल्यांदा हातात घेतला तो अजून आठवतो. थॉमसन या खायच्या द्राक्षाच्या घडासारखा भरगच्च लोंबता नव्हे. लांबोडा, काळानिळा, मण्यांवर राखेसारखी लव. मणी दातात धरला की आधी जाड साल लागायची, मग अतिशय गोड रस, आणि शेवटी बी. ती बी चावली की तोंड आवळून यायचं, कच्च्या जांभळासारखं. मामा म्हणायचे, "बी चावून बघ. हिरवी कडू लागली तर अजून थांबायचं. सुपारीसारखी कडक, खमंग लागली की माल तयार." साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असायचाच, पण ते दाताला जास्त मानायचे.

मग २००९ चा हंगाम आला. वाईनची मागणी पडलेली, वायनऱ्यांच्या टाक्यांत आधीचाच माल शिल्लक. आमच्या वायनरीनं (नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही) आधी "आठ दिवस थांबा" म्हटलं, मग फोन उचलायचं बंद केलं. २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडायचा माल २७ वर गेला. मधमाश्या आणि पाखरं तुटून पडली. तासगावचा एक व्यापारी बघायला आला. त्यानं एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली कचकन फुटली. काहीएक न बोलता त्यानं फटफटीला किक मारली आणि गेला. बेदाणा करावा तर बीचा बेदाणा कोण घेणार? शेवटी घड काढून बांधावर टाकले. पुढच्या वर्षी ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, कापून त्याच खुंटांवर सुपर सोनाका ही खायची जात भरली.

माझ्या मते आपल्या पट्ट्यातली वाईन मागं पडली त्याचं मूळ इथं आहे. हवा नव्हे, माती नव्हे. खायच्या द्राक्षाला चार वाटा असतात: एक्स्पोर्ट, लोकल मार्केट, बेदाणा, अगदीच झालं तर ज्यूस. वाईनच्या द्राक्षाला एकच दार असतं. ते दार बंद झालं की शेतकऱ्याला दुसरीकडं जायला जागाच नाही. आणि जिथं बेदाण्याची एवढी मोठी पेठ दाराशी आहे, सांगली-तासगावचे सौदे आहेत, तिथला माणूस एका दाराच्या भरवशावर किती वर्षं बसेल?

या भागातल्या वाईनबद्दल, त्या करणाऱ्या माणसांबद्दल ज्याला जे माहीत आहे ते इथं लिहा. नुसत्या "कुठली प्यावी" या प्रश्नासाठी हा धागा नाही, पण ते लिहिलंत तरी चालेल.

मिरज_जंक्शन

चांगला धागा. अकलूजचं नाव आलंच पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातली फ्रातेली ही आपल्या दक्षिण महाराष्ट्राचीच वाईन म्हणायची. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तीन घराण्यांतल्या भावांनी मिळून काढलेली कंपनी: इटलीचे सेची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. टस्कनीतले पिएरो मासी हे त्यांचे वाईनमेकर. त्यांनी माळशिरस भागातल्या माळावर सांजोवेझे लावली. ही टस्कनीची खास जात, कियांती ही लाल वाईन जिच्यापासून होते ती. त्यांची 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांची मिसळण आहे. सेत्ते म्हणजे सात.

मी त्यांची बाग बघून आलो आहे. ज्या भागात आपण ऊस, डाळिंब आणि कुसळं एवढंच बघितलं तिथं तारांवर ओळीनं उभ्या वेली बघून थक्क व्हायला होतं. आपल्याकडच्या मांडवासारखं छत नाही. उभी भिंत असते पानांची, आणि घड सगळे गुडघ्याच्या-मांडीच्या उंचीला एका रेषेत.

रंकाळ्यावरची

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न विचारते. इटलीत, फ्रान्समध्ये थंडी असते, बर्फ पडतो. आपल्याकडं एप्रिलात चाळीसला पारा जातो. मग त्याच जाती इथं येतात तरी कशा? आणि कोल्हापुरातच का नाहीत, सांगलीपासूनच का सुरू होतात?

घाटावरचा

@रंकाळ्यावरची, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्या विषयाचं मर्म त्यातच आहे.

तिकडं वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडं वेलीला झोपवणारी थंडीच नाही, सोडली तर ती वर्षभर वाढत राहील. म्हणून आपले शेतकरी वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी: त्यात फळ घ्यायचं नसतं, नव्या काड्या तयार करायच्या असतात. त्या कडक उन्हातच काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती हीच. मग पावसाळाभर काडी पिकू द्यायची. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावायची म्हणजे सगळे एकदम फुटतात, आणि त्याला घड येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार.

आता बघा काय जमून येतं. फळ पिकतं ते आपल्या कोरड्या दिवसांत, जेव्हा रात्री गार असतात. दिवसाच्या उन्हानं साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. युरोपात काढणीच्या वेळी पाऊस येईल का म्हणून धास्ती असते. आपली धास्ती फुलोऱ्याच्या वेळची. नोव्हेंबरात अवकाळी आला की डाऊनी, करपा आणि घडकूज हे रोग. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा आणि २०१९ च्या लांबलेल्या परतीच्या पावसात द्राक्षवाल्यांचे काय हाल झाले ते सांगलीकरांना विचारा.

कोल्हापूरचं उत्तरही यातच आहे. आपल्याकडं पाऊस जास्त आणि लांबतो. गगनबावड्याकडून जसजसं पूर्वेला जाल तसा तो झपाझप कमी होतो. जत, कवठेमहांकाळला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. वेलीला तेच मानवतं: मुरमाड जमीन, ठिबकचं पाणी, कोरडी हवा. आपल्या पंचगंगेच्या काळ्या गाळात वेल नुसती पानांनी माजेल.

तंबाखूमळा

दारूचा धागा इतका गोड करून लिहिलाय म्हणून विचारतो. वाईन म्हणजे शेवटी दारूच ना? २०२२ मध्ये किराणा दुकानात वाईन आणायला निघाले होते तेव्हा लोकांनी विरोध केला तो उगाच का?

माहेर_तासगाव

तंबाखूमळा यांच्याशी मी सहमत आहे, आणि मी द्राक्षवाल्याच्या घरातलीच आहे. माझे वडील थॉमसन करायचे, मग तास-ए-गणेश. आमच्या गल्लीत दारूनं गेलेली तीन माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या बायकांनी बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाऊन पोरं वाढवली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं ठरवलं की शंभर चौरस मीटरच्या वरच्या दुकानांत वाईनचं कपाट ठेवता येईल, आणि सांगितलं काय, तर शेतकऱ्याचं भलं होईल. तेव्हा माझी आई म्हणाली होती, "आमच्या नावानं नका विकू." शेतकऱ्याचं भलं करायचं तर बेदाण्याला दर द्या, शीतगृहं द्या.

घाटावरचा

ताई, तुमच्या आईचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

अल्कोहोल ते अल्कोहोलच, यात मला वाद घालायचा नाही. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के असतं आणि ते शरीराला त्याच वाटेनं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कितीही थोडं घेतलं तरी त्याला निर्धोक म्हणता येत नाही. रेड वाईन हृदयाला चांगली म्हणून रोज पेला भरणाऱ्यांनी हे वाचावं. ज्या घरात दारूनं माणूस गेलाय त्या घरानं वाईनकडं पाठ फिरवली तर ती बरोबरच फिरवली असं मी म्हणेन.

किराणा दुकानाचा निर्णय पुढं अमलात आलाच नाही. माझं म्हणणं त्या निर्णयाबद्दल नाही. माझं म्हणणं इतकंच की हे पीक आहे, ते पिकवणारी माणसं आहेत, आणि त्यांचं नाव बाटलीपाशी पोचत नाही. तुमच्या वडिलांच्या तास-ए-गणेशचंच घ्या. थॉमसनच्या बागेत एका फांदीला वेगळे घड दिसले आणि तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ते ओळखून जात वाढवली. एका शेतकऱ्याच्या डोळ्यांनी घडवलेली ही जात राज्यभर गेली. असं नाव वाईनच्या द्राक्षात आपल्याकडून एकही पुढं आलं नाही, याची मला खंत आहे.

आणि सरकारला एक विनंती. ज्या दुकानात नव्वद टक्के व्हिस्की आणि रम आहे त्याच्या पाटीवर 'वाईन शॉप' लिहिणं आधी बंद करावं. निम्मा गोंधळ त्या पाटीनं केलाय.

माहेर_तासगाव

दादा, उत्तर आवडलं. आईला वाचून दाखवलं. माझं मत बदललेलं नाही, पण धागा वाचत राहीन.

टाकीपाशी

मी चार हंगाम एका वायनरीत काम केलंय, म्हणून आतलं थोडं लिहितो. बाहेरच्यांना वाटतं द्राक्षं चुरगाळली, ठेवून दिली, झाली वाईन. तसं नाही.

माल रात्री किंवा पहाटे तोडायचा. उन्हात तोडलेला माल तापलेला येतो, रस तपकिरी पडतो आणि वास उडून जातो. क्रेटमधून आलेला घड डिस्टेमरमध्ये टाकला की देठ वेगळे, मणी वेगळे. पांढऱ्या वाईनला लगेच दाबून रस काढायचा, साल बाहेर. तो रस थंड टाकीत रात्रभर ठेवायचा, गाळ खाली बसतो, वरचा स्वच्छ रस दुसऱ्या टाकीत घ्यायचा, मग यीस्ट. टाकीभोवती गार पाण्याचं जाकीट असतं, कारण आंबताना रस स्वतःच तापतो. पांढरीला बारा ते सोळा अंशांत ठेवायचं. जास्त तापली की फळाचा सुगंध गेला. मार्चच्या दुपारी वीज गेली की आमच्या साहेबांचा चेहरा बघवायचा नाही.

लाल वाईनचा खेळ वेगळा. रंग सालीत असतो, म्हणून सालीसकट आंबवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकीत साली फुगून वर येतात, जाड थर होतो, त्याला टोपी म्हणतात. खालून गॅस ढकलत असतो. ती टोपी कोरडी राहिली तर आंबूस व्हायला लागते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खालचा रस पंपानं वर घेऊन तिच्यावर सोडायचा. मी ते काम करायचो. रात्री दोनला टाकीवर चढून पाइप धरायचा. तोंड टाकीत घालायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, माणूस आत पडला तर आवाजही येत नाही. पण त्या वेळी जो वास येतो, जांभूळ, मिरी, ओली माती असा, तो नंतर बाटलीत कधी तेवढा सापडला नाही मला.

आपल्याकडची खरी अडचण आंबटपणाची. उष्ण हवेत साखर लवकर चढते आणि आम्ल लवकर पडतं. ब्रिक्स २३ झाले म्हणून तोडावं तर पीएच वर गेलेला, म्हणजे आंबटपणा उतरलेला, थांबावं तर आणखी वर. मग टार्टारिक आम्ल घालावं लागतं. शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाईनची जात इथं रुळली ती म्हणूनच: ती जात उन्हातही आंबटपणा धरून ठेवते. ब्रिक्सला ०.५५ नं गुणलं की साधारण किती टक्के अल्कोहोल होईल ते कळतं. २३ ला साडेबाराच्या आसपास.

घाटावरचा

@टाकीपाशी, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मामांनी आयुष्यात टाकी आतून बघितलेली नाही. त्यांना वाचून दाखवणार.

सौदेपट्टी

मी बेदाणा आणि गुळाच्या व्यापारातला. धागाकर्त्याचं 'एकच दार' पटलं, पण हिशोब पूर्ण करा. खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल निघतो. वाईनला दर्जा हवा तर चार-पाच टनांवर थांबावं लागतं, घड कमी ठेवावे लागतात. म्हणजे किलोला दुप्पट-अडीचपट दर मिळाला तर बरोबरी. हां, वाईनच्या मालाला मण्यांची विरळणी नाही, जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग नाही, मण्याचा आकार वाढवायची खटपट नाही, त्यामुळं मजुरी आणि औषधं कमी. पण वायनरीवाला उशिरा पैसे देतो. आमच्या सौद्यात बेदाण्याचा बोली-भाव सगळ्यांसमोर लागतो, शेतकरी स्वतः उभा राहून ऐकतो. वाईनच्या द्राक्षाचा भाव कुठं लागतो ते शेतकऱ्याला कधी दिसलंच नाही. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. माल वर्षभर शीतगृहात ठेवा, दर येईल तेव्हा विका. त्या बेदाण्याला सांगलीच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालंय. शेतकऱ्यानं तिकडं पाठ का फिरवावी?

मिरज_जंक्शन

मानांकन 'नाशिक व्हॅली वाईन'लाही आहे. त्यांनी बोर्ड लावले, रस्ते केले, बागेतच खोल्या बांधल्या. सुलाच्या राजीव सामंतांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन लावली, २००० साली पहिली बाटली आली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुलेंनी नारायणगावात इंडाज ही वाईन कंपनी काढली. त्यांची 'ओमर खय्याम' ही फेसाळणारी वाईन परदेशात जायची. ती कंपनी पुढं डबघाईला आली हे खरं, पण जुन्नर-नारायणगावच्या माळावर फ्रेंच पद्धतीची वाईन होऊ शकते हे त्यांनी आधी दाखवलं. बारामतीजवळ रोटीला फोर सीझन्स ही वायनरी झाली, अभय केवडकर तिथले वाईनमेकर होते. म्हणजे नारायणगाव, रोटी, अकलूज, पलूस असा मोठा पट्टा आहे. फक्त आपण त्याला एका नावानं ओळखत नाही.

घाटावरचा

मिरजकरांनी मोलाची गोष्ट सांगितली. पट्ट्याला नाव नाही. नाशिकला नाव आहे म्हणून माणूस तिकडं गाडी काढून जातो.

सौदेपट्टी यांच्या हिशोबाला माझं उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. मामांनीही शेवटी तोच केला. पण 'भाव कुठं लागतो ते दिसत नाही' हे तुम्ही जे लिहिलंत ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बेदाण्यासारखा वाईनच्या द्राक्षाचाही हंगामाआधी उघड दर ठरावा, करार साध्या मराठीत लिहावा आणि माल न उचलल्यास भरपाई किती ते त्यात आकड्यात असावं. मामांचा करार अकरा पानांचा इंग्रजीत होता. त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. आत काय लिहिलंय ते मी नंतर, सगळं संपल्यावर, वाचलं. 'गुणवत्तेनुसार माल नाकारण्याचा अधिकार' एवढ्या एका ओळीवर दीड एकर गेला.

रंकाळ्यावरची

मला एवढं कळलं नाही, पण एक विचारते. तांबड्या-पांढऱ्याबरोबर वाईन जाते का? मागच्या वर्षी भाऊ घेऊन आला होता, मटणाबरोबर लाल घेतली तर घशाला आगच लागली.

टाकीपाशी

ताई, तिखटाबरोबर कडक लाल वाईन घेऊच नये. मिरचीनं तोंड आधीच पेटलेलं असतं, त्यावर अल्कोहोल आणखी पेटवतं आणि टॅनिन, म्हणजे ती तोंड आवळणारी चव, कडवट होऊन बसते. तांबड्याबरोबर थोडी गोडसर, गार शेनिन घ्या. गोडवा तिखटाला शांत करतो. पांढऱ्या रश्शात काजू, खसखस, नारळाचं दूध असतं, त्याला शेनिन किंवा विओन्ये (हीही पांढरीच) फार छान लागते. सुक्क्या मटणाला शिराझ चालेल, पण बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा नियम थंड देशातल्या खोलीचा आहे. कोल्हापूरची एप्रिलची खोली छत्तीस अंशांची. त्या वाईनला नुसता स्पिरिटचा वास येतो आणि लोक म्हणतात भारतीय वाईन वाईट.

घाटावरचा

हे छत्तीस अंशांचं मनापासून पटलं. त्या रात्री राजारामपुरीत इटलीची बाटलीसुद्धा तशीच तापलेली होती. सगळे वाहवा करत होते ते लेबलची.

शिरोळची_माती

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. शिरोळ तालुक्यात आमची सात एकर, त्यातली तीन ऊस घेऊन घेऊन क्षारपड झाली. धागा वाचून वाटलं, वाईनची द्राक्षं हौसेपुरती दहा-वीस गुंठे लावून बघावी का? डॉगरिज खाऱ्या जमिनीत तग धरतो असं ऐकलंय.

घाटावरचा

खुंट क्षार सोसतो, पण साचलेलं पाणी सोसत नाही. २०१९ आणि २०२१ ला पूर जिथपर्यंत आला ती जमीन तर विसराच. तुमच्याकडं उंचावर मुरमाड तुकडा असेल तर दहा गुंठ्यांचा विचार करा, आणि माती-पाणी आधी तपासून घ्या. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं प्रत्यक्ष जाऊन या. वाईन कशी करतात ते शिकायचं असेल तर मांजरीलाच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा अभ्यासक्रम आहे. साखरवाल्यांची संस्था म्हणून आपल्याला माहीत असते, हे माहीत नसतं. आणि विकायचा विचार असेल तर वेल लावायच्या आधी घेणारा शोधा, त्याचा करार वकिलाला दाखवा. माझ्या घरातून गेलेली गोष्ट आहे म्हणून कळकळीनं सांगतोय.

घाटावरचा

काल पलूसला जाऊन आलो. मामांना सगळा धागा वाचून दाखवला. टाकीवरच्या टोपीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तासगावच्या ताईंच्या आईचं वाक्य ऐकून म्हणाले, "बाई शहाणी आहे."

मग विहिरीकडं घेऊन गेले. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. सगळ्या बागेवर सोनाका भरली तेव्हा विहिरीच्या कडेची एक ओळ त्यांनी तशीच ठेवली होती. अकरा वेली, जुनी शिराझ. दरवर्षी दोन्ही छाटण्या होतात, औषध मिळतं, पाणी मिळतं. माल कुणी घेत नाही. पोरं खातात, बाकी पाखरांना. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जात मरू नये." एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. बी चावली. सुपारीसारखी, खमंग.

शिरोळची_माती

दादा, त्या अकरा वेलींच्या काड्या मिळतील का? उंचावरचा मुरमाचा तुकडा आहे आमच्याकडं, पाण्याचा नमुना आजच तपासायला दिला.

घाटावरचा

मामांना आत्ताच फोन केला. देतो म्हणाले. पण एप्रिल छाटणीची काडी सप्टेंबरपर्यंत टिकत नाही. कलम सप्टेंबरात भरायचं, काडी तेव्हाची ताजी लागते. तुम्ही आत्ता, फेब्रुवारीतच, डॉगरिजची रोपं लावून घ्या, म्हणजे पावसाळ्यात खुंट पेन्सिलीएवढा होईल. दोन ओळींत नऊ फूट ठेवा, ठिबक आधी ओढा. सप्टेंबरात मी आणि मामा दोघंही येतो, कलम ते स्वतः भरणार आहेत.